पंपाचा चातुर्मास

देव आषाढीला निजतात आणि कार्तिकीला उठतात. आमचा पंप त्यांच्याआधी निजतो आणि त्यांच्याआधीच उठतो. मृगाचे ढग दिसू लागले की वैनगंगेच्या काठावरून तो बैलगाडीने घरी येतो, आणि जड धानाला शेवटचे पाणी हवे म्हणून दिवाळीचा फराळ संपायच्या आत पुन्हा नदीवर निघतो.

निजवण्याचा थाट मोठा. आधी पंपाच्या पोटाखालचा आटा काढून आतले गढूळ पाणी सांडायचे. "पानी राहिलं तं जंग लागते, गुरुजी," हे मिस्त्री मला दरवर्षी नव्याने सांगतात. मग इंजिन जरा तापवून काळे तेल बदलायचे, सिलिंडरमध्ये चमचाभर ताजे तेल सोडून हँडल हाताने फिरवायचे, फूटव्हॉल्व्हच्या जाळीतला गाळ धुवायचा. शेवटी नळ्यांच्या तोंडांत चिंध्यांचे बोळे. नाहीतर कुंभारीण माशी आत घर बांधते, आणि तिचे बांधकाम कुठल्याही कंत्राटदाराहून पक्के!

माझा भाचा अमेरिकेत, मिनेसोटात असतो. त्याच्याकडे चाकांवरचे फिरते घर आहे आणि त्यातले मोरी-संडासाचे पाणी उपसायला एक लहानसा पंप. हिवाळ्याआधी तोही टाकी धुतो, पंप रिकामा करतो आणि उरलेल्या थेंबांसाठी एक गुलाबी, न गोठणारे द्रव आत फिरवतो. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते आणि पंपाचे पोट फोडते. मिस्त्रींना हे पाणी गोठण्याचे प्रकरण काही खरे वाटेना. पोट रिकामे करणे मात्र तत्काळ पटले.

आमच्याकडे भय पुराचे. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वरच्या धरणांचे दरवाजे उघडले आणि वैनगंगा गावांत शिरली. एका शेजाऱ्याचा पंप काठावरच राहिला होता. सापडला तो गाळाखाली, बेअरिंग धरलेला. त्या वर्षी त्यांची उन्हाळी धानाची रोवणी झालीच नाही. नवरा-बायको तेलंगणात मिरची तोडायला गेले.

यंदा पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पंप काठावर बसवला. बादलीने पाणी भरले, हँडल मारले. दांड्यापाशी थेंब गळू लागले तसा माझा पुतण्या पाना घेऊन धावला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला. त्या थेंबांनीच दांडा थंड राहतो. ते बंद केले की दांडा झिजतो. तेवढ्यात पाटात धार पडली आणि मिस्त्री बिडी विझवून ती बघायला बांधावर गेले.