दोन वऱ्हाडं

आमच्या घरात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात सत्तावीस कॅसेट आहेत. अब्बा कुवेतला नोकरीला होते तेव्हा दादी त्यांना पत्र लिहीत नसे, कारण तिला लिहिता येत नव्हतं. ती टेप रेकॉर्डरसमोर बसून बोलायची. आमच्या मोहल्ल्यातलं कुणी कुवेतला निघालं की निरोप घ्यायला घरी यायचं आणि त्याच्या बॅगेत आंबापोळी, कोकम, कुळथाचं पीठ यांच्याबरोबर रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट जायची. तिकडून अब्बांची कॅसेट अशीच कुणाच्या तरी हातून यायची. दादी ती पहिल्यांदा एकटी ऐकायची, मग सगळ्यांना ऐकवायची.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. तिथे अडकलेल्या लाखाहून अधिक हिंदी लोकांना पुढच्या दोन-अडीच महिन्यांत विमानांनी मायदेशी आणलं गेलं. बहुतेक विमानं जॉर्डनमधल्या अम्मानहून सुटत होती. अब्बाही बगदादमार्गे अम्मानला पोहोचले आणि तिथून मुंबईला. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. मुंबईहून एसटीने ते रत्नागिरीला उतरले, तेव्हा हातात एकच पिशवी होती. फ्रीज, टीव्ही, भांडीकुंडी, पगाराची बाकी, सगळं मागे राहिलं होतं. पिशवीत दोन कपडे, पासपोर्ट आणि दादीच्या अकरा कॅसेट होत्या. बाकीच्या सोळा म्हणजे अब्बांनी पाठवलेल्या, त्या घरीच होत्या.

दादीचा इन्तकाल २००३ साली झाला. डबा कपाटावर गेला आणि आम्ही त्याला विसरलो.

आठवण झाली ती २२ जुलै २०२१ला. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. तिथल्या आमच्या मामूंच्या घरात छातीइतकं पाणी होतं. माणसं वाचली, अल्हम्दुलिल्लाह, पण लग्नांचे सारे अल्बम चिखलात गेले. मामी एकेक पान सुटं करून दोरीवर वाळत घालत होत्या आणि पानावर कुणाचाच चेहरा उरला नव्हता. आम्ही घरी आलो आणि पहिल्यांदा डबा खाली काढला. पूर आला नव्हता, तरी रत्नागिरीच्या पावसाने आपलं काम केलं होतं. चार-पाच कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसत होती.

घरात भाईजानने दुबईहून पाठवलेला एक जुना मॅक होता. टेप रेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून वायर मॅकला जोडली आणि ऑडॅसिटी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर एकेक कॅसेट उतरवायला घेतली. यात घाई चालत नाही. साठ मिनिटांची कॅसेट उतरायला साठ मिनिटंच लागतात. रोज मगरिबनंतर एक, मध्ये वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. असा दीड महिना गेला. दादीच्या आवाजामागे आमच्या जुन्या घरातल्या कोंबड्या, रहाटाचा आवाज आणि “पोरा, जेवलास का?” हा तिचा प्रत्येक कॅसेटमधला पहिला प्रश्न होता.

एक तासाची कॅसेट पूर्ण दर्जाने उतरवली की साधारण ६३५ एमबीची फाइल होते. सत्तावीस कॅसेटच्या मिळून १७ जीबी झाल्या. फुकट मिळणाऱ्या जागेत १५ जीबीच मावतात, आणि मॅकची जागा सगळी मिळून १२८ जीबी, तीही भरत आलेली. भाईजानने त्याच्या कामासाठी मुंबईत एक सर्व्हर भाड्याने घेतला होता. सर्व्हर म्हणजे काय तर दूर कुठल्याशा इमारतीत रात्रंदिवस चालू असलेला कॉम्प्युटर. त्याला ना पडदा, ना माउस. भाईजान म्हणाला, “फाइली तिथे चढवा, मग दुबईहून मी आणि केपटाउनहून फुफी, सगळेच ऐकू.”

मॅकमध्ये टर्मिनल नावाची एक काळी-पांढरी खिडकी असते. तिच्यात हुकूम टाइप करायचे असतात. दूरच्या सर्व्हरशी बोलायची जी वाट आहे तिला एसएसएच म्हणतात. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी लोकांचे पासवर्ड चोरून वाचत असल्याचं उघडकीला आलं, तेव्हा तिथल्या टाटू युलोनेन यांनी ती तयार केली. या वाटेने जे जातं ते कुलूपबंद जातं. वाटेत कुणी उघडलं तरी त्याला अर्थ लागत नाही. पहिल्यांदा जोडताना मॅक विचारतो की या सर्व्हरला तुम्ही ओळखता का, आणि अक्षरांची एक ओळ दाखवतो. आम्ही न वाचताच ‘होय’ लिहिलं. भाईजान फोनवर ओरडला, “दारावर कुणी आलं तर नाव न विचारता आत घेता का?” ती ओळ म्हणजे सर्व्हरच्या अंगठ्याचा ठसा. त्याने ती फोनवर वाचून दाखवली, आम्ही ताडून पाहिली, मगच पुढे गेलो.

फाइली पाठवायला आधी एससीपी हा हुकूम वापरला. सोपा आहे. कुठली फाइल आणि कुठे न्यायची, एवढंच सांगायचं. पण आमचं इंटरनेट चढतीला हळू. हिशेबाने १७ जीबीला एकोणीस तास लागणार होते, आणि पावसाळ्यात रत्नागिरीत सलग एकोणीस तास वीज राहणं हे नशिबाचं काम. वीज गेली की एससीपी अर्धवट फाइल तिथेच सोडायचा आणि पुन्हा सांगितलं की पहिल्या कॅसेटपासून सुरू. तीन रात्री अशा गेल्या. मग भाईजानने आरसिंक शिकवला. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली लिहिलेला हा प्रोग्रॅम दोन्ही बाजूंना काय आहे ते आधी बघतो आणि जे पोहोचलेलं नाही तेवढंच पाठवतो. अर्धवट फाइल ठेवायला सांगितली तर तिथूनच पुढे जातो. चौथ्या रात्री सत्ताविसावी फाइल चढली. अम्मीने शेवया केल्या.

त्याआधी भाईजानने एक काम करायला लावलं होतं, जे तेव्हा आम्हाला फुकटची कटकट वाटलं. मॅकमध्ये एक हुकूम आहे. तो फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून चौसष्ट अक्षर-अंकांची एक ओळ काढून देतो. फाइलमध्ये एक कण जरी बदलला तरी ती सगळी ओळच बदलते. सत्तावीस फाइलींच्या सत्तावीस ओळी काढून, छापून तो कागद आम्ही डब्यात कॅसेटवर ठेवला.

आणि मग आम्ही ती चूक केली. सर्व्हरवर सगळं पोहोचलं आहे म्हणून मॅकवरच्या फाइली पुसून टाकल्या. जागा हवी होती.

आता वऱ्हाडाची गोष्ट. फुफीचं लग्न १९८६ साली झालं. अब्बांना रजा मिळाली नाही. म्हणून दादीने लग्नाच्या दिवशी टेप रेकॉर्डर काखेत घेऊन सगळ्या घरात फिरत कॅसेट भरली होती. बायकांची गाणी, वऱ्हाड आल्यावरची धांदल, आणि शेवटी फुफी निघताना दादीने मोठ्याने केलेली दुआ. ही कॅसेट कुवेतला गेली होती आणि त्या अकरांतून परत आली होती. उतरवून झाल्यावर बाहेर काढताना टेप रेकॉर्डरमध्ये तिची फीत अडकली आणि चुरगळून तुटली. पण आवाज उतरला होता, म्हणून आम्ही वाईट वाटून घेतलं नाही. तिच्या फोल्डरला नाव दिलं ‘वऱ्हाड’.

भाईजानने ती उतरवून घेतली, त्यातली पंधरा मिनिटं खरखर काढून साफ केली आणि ‘वऱ्हाड’ नावाच्या आपल्या फोल्डरमधून परत सर्व्हरवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सर्व्हरच्या पॅनेलवर पाहतो तर एकाच ठिकाणी दोन ‘वऱ्हाड’. नाव तेच, अक्षर तेच, आत फाइलही त्याच नावाची. आम्हाला वाटलं, भाईजानकडून दोनदा चढलं. एक पुसून टाकलं. पॅनेलने विचारलं, कायमचं पुसू का? आम्ही ‘होय’ म्हटलं. न वाचता ‘होय’ म्हणायची ही आमची दुसरी वेळ.

उरलेल्या फोल्डरमध्ये पंधरा मिनिटं होती. दुआ नव्हती.

एकाच ठिकाणी एकाच नावाची दोन फोल्डर असू शकत नाहीत, मग ती राहिली कशी? भाईजानने दोन दिवसांनी शोधून काढलं. घोळ आपल्या ‘ऱ्ह’मध्ये होता. कॉम्प्युटर अक्षर नाही, आकडे साठवतो. वऱ्हाड, तऱ्हा, कुऱ्हाड यांतला हा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे स्वतःचा एकच आकडा असलेलं सबंध अक्षर. दुसरा म्हणजे साधा ‘र’ आणि त्याच्या खाली नुक्ता. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. २०१७ साली मॅकमध्ये नवी फाइल-व्यवस्था आली. त्याआधीची व्यवस्था, जी आमच्या जुन्या मॅकमध्ये आहे, फाइलींची नावं ठेवताना असं अक्षर सुटं करून ठेवते. सर्व्हर मात्र मिळेल तसं ठेवतो. त्यामुळे आमच्या ‘वऱ्हाड’मध्ये सात चिन्हं होती आणि भाईजानच्या ‘वऱ्हाड’मध्ये सहा. सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी नावं होती. उर्दूत नाव दिलं असतं तरी सुटका नव्हती, कारण ‘आपा’ लिहिताना येणाऱ्या मद्दवाल्या अलिफची तीच गत आहे. दोष यंत्रांचा नव्हता. दोघांची लिहिण्याची रीत वेगळी होती, आणि आत न डोकावता पुसणारे आम्ही होतो.

सर्व्हरवर कचऱ्याची टोपली नसते. गेलं ते गेलं. जुनी प्रत ठेवण्याची सोय पैसे भरून मिळते, ती आम्ही घेतली नव्हती.

अब्बांना सांगायची हिंमत होईना. माणसाने घरदार सोडून युद्धातून जी वस्तू आणली, ती आम्ही घरबसल्या एका बोटाने पुसली होती. पाच दिवस आम्ही त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. सहाव्या दिवशी जेवताना त्यांनीच विचारलं, “फुफीच्या लग्नाची कॅसेट लावा ना.” मग सांगावंच लागलं.

अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अम्मानला मोकळ्या मैदानात झोपलो होतो. उशाला ती पिशवी घ्यायचो. दुसऱ्या पिशवीत आणखी कॅसेट होत्या, ती रात्रीत गेली. तुम्हाला कधी सांगितलं नाही.” आणि उठून हात धुवायला गेले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री आम्ही केपटाउनला फुफीला फोन केला, माफी मागायला, कारण ते तिचं लग्न होतं. फुफी हसायला लागली. भाईजानने सर्व्हरचा पत्ता दिला त्याच दिवशी तिच्या मुलीने ते फोल्डर उतरवून घेतलं होतं, म्हणजे दुसरं वऱ्हाड यायच्या आधीचं. फुफी स्वयंपाक करताना पेन ड्राइव्हवर ते लावायची. “मी तर रोज ऐकते,” ती म्हणाली, “दुआ आली की गॅस बारीक करते.”

तिच्या मुलीने फाइल पुन्हा सर्व्हरवर चढवली. आम्ही ती मॅकवर उतरवली, चौसष्ट अक्षरांची ओळ काढली आणि डब्यातला कागद आणला. एकाने वाचायचं, एकाने कागदावर बोट फिरवायचं. चौसष्टच्या चौसष्ट जुळली. कुवेत, बगदाद, अम्मान, मुंबई, रत्नागिरी आणि केपटाउन फिरून आवाज जसाच्या तसा घरी आला होता. अब्बांनी तो रात्री दोनदा ऐकला. पहिल्यांदा एकट्याने.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा एखादा डबा असेल. कॅसेट नसतील तर जुने निकाहनामे, खलाशी आजोबांची कागदपत्रं, फोटो असतील. त्यांच्यासाठी एवढंच सांगायचं आहे. पाठवणं म्हणजे सांभाळणं नव्हे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक साधा नियम आहे. प्रती तीन, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. आता आमची एक प्रत मॅकवर आहे, एक सर्व्हरवर आणि एक हार्ड डिस्कवर मामूंकडे, वरच्या मजल्यावर. मूळ कॅसेट टाकलेल्या नाहीत, तुटलेलीसुद्धा नाही. फोल्डरांना नावाऐवजी आकडे दिले आहेत. आतल्या चिठ्ठीत मात्र नाव लिहिलं आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही सत्तावीस ओळी पुन्हा काढून ताडून पाहतो. कागद अब्बांच्या हातात असतो. आम्ही वाचतो, ते पेनाने खूण करतात. अकराव्या ओळीवर, जी वऱ्हाडाची आहे, ते आम्हाला दोनदा वाचायला लावतात.