टँकरवाल्याचा नकाशा

होस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला, ‘गाव कुठलं?’ मी ‘मुरबाड’ म्हणालो की लगेच, ‘म्हणजे माळशेजच्या वाटेवर!’ शहापूरवाल्यांचंही तेच, ‘कसाऱ्याच्या अलीकडे ना?’ थोडक्यात, आम्ही सगळे वाटेवरचे!

माझा मामा शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर राहतो. १८९२ सालचं तानसा धरण याच तालुक्यात, भातसाही इथलंच. दोन्हींचं पाणी मुंबईच्या नळाला जातं आणि उन्हाळ्यात पाड्यावरच्या बायका टँकरची वाट बघत बसतात. गेल्या उन्हाळ्यात टँकरवर सारखे नवे ड्रायव्हर. फोनच्या नकाशात पाड्याचं नाव नाही, डोंगराकडे वळलं की रेंजही नाही. फाटा चुकला की टँकर परस्पर दुसरीकडेच रिकामा! शेवटी मामी म्हणाली, “एवढा इंजिनिअर होतोयस, त्या ड्रायव्हरला एक कागद तरी काढून दे की रे.”

कागदावर छापायचा म्हणजे हलणारा-फिरणारा नकाशा कामाचा नाही, स्थिर चित्र हवं. त्यासाठी पायथनमध्ये ‘स्टॅटिकमॅप’ नावाची छोटीशी लायब्ररी आहे. ती ओपनस्ट्रीटमॅपचे २५६ पिक्सेलचे चौकोनी तुकडे आणून जोडते, त्यावर आपले ठिपके आणि रेषा काढते आणि चित्र तयार करून देते. पाच-दहा ओळींचं काम. फक्त एक लक्षात ठेवा, आधी रेखांश, मग अक्षांश. शहापूर म्हणजे ७३.३३, १९.४५. हेच उलटं लिहिलं तर शहापूर थेट नॉर्वेच्या उत्तरेला, थंडगार समुद्रात!

ठिपके मात्र पायानेच गोळा करावे लागतात. जीपीएसला रेंज लागत नाही, मोकळं आकाश पुरतं. मामा आणि मी फाट्यापासून विहिरीपर्यंत चालत गेलो आणि फाटा, देऊळ, चिंच, विहीर अशी सगळी नोंद केली. झूम १५ ला आपल्याकडे एक पिक्सेल म्हणजे साधारण साडेचार मीटर. त्यात पाड्याची वाट नीट दिसते. त्याची प्रिंट ड्रायव्हरच्या केबिनमध्ये लावली.

घरासाठी झूम १२ चा दुसरा नकाशा काढला. १२०० पिक्सेलमध्ये सुमारे ४३ किलोमीटर, म्हणजे मुरबाडपासून तानसापर्यंत सगळं मावलं. मामीने निळ्या भागावर बोट ठेवलं, “हे एवढं मोठं काय?” “भातसा.” तिने तिथून पाड्यापर्यंत मोजलं. दीड बोट! मग काही न बोलता ती हंडे घासायला गेली.

त्यानंतर टँकर दोनदा सरळ विहिरीवर आला. पुढे दोन दिवस तो सुटलाच नाही. त्यावर माझ्याकडे प्रोग्राम नाही. पण ‘पाडा सापडला नाही’ हे कारण आता कुणाला देता येणार नाही, एवढं नक्की.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कुणालाही नाव भरता येतं. आम्ही पाड्याचं भरलं. दोस्तहो, सुट्टीत घरी जाल तेव्हा तुमच्या वाडीचं, पाड्याचं नाव आहे का ते बघा. नसेल तर भरून या. मग नकाशा काढा, आणि खाली ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय तेवढं लिहा!