गच्चीवरचा अँटेना

इंदूरच्या आमच्या जुन्या घरी इंटरनेटसाठी बिनतारी अँटेना बसवावयाचे ठरले. जितका उंच तितका उत्तम, अशा समजुतीने आम्ही दोघे भाऊ पंधरा फुटी लोखंडी पाइप घेऊन गच्चीवर चढलो. तो उभा करणार, तोच अंगणातून आईची हाक आली, "अरे, त्या तारा पाहिल्यात का?" विजेच्या तारा कठड्यापासून जेमतेम आठ फुटांवर होत्या! पाइप कलला असता तर थेट तारांवरच जाता. आमच्या हातांतले बळच सरले.

मग पाइपाच्या उंचीहून कितीतरी अधिक अंतर तारांपासून सुटेल असा मागील कोपरा निवडला. पाइप भिंतीस पट्ट्यांनी आवळून जाड तांब्याच्या तारेने घराच्या अर्थिंगला जोडला. केबलवर अरेस्टर बसविला. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचे पाणी तेथूनच गळून जाते. एवढे करूनही संदेश क्षीणच! समोरच्या मनोऱ्याच्या आड कडुनिंब येत होता, आणि ओली पाने लहरी शोषून घेतात. अँटेना चार हात सरकविताच काम झाले.

उंचीपेक्षा मोकळी वाट मोलाची, हे त्या दिवशी उमगले. आई मात्र अजूनही, आम्ही गच्चीवर चढलो की अंगणात येऊन उभी राहते.