आईच्या हातचा केक आणि त्याचा हिशेब



प्रवेश अर्जात 'आईचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. आमच्या मोशी-चिखली भागातले अर्ज चाळलेत तर त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द दिसेल, गृहिणी. वडिलांच्या रकान्यात मात्र 'कंपनीत नोकरी' आणि पुढे भोसरी, चाकण किंवा तळेगाव. आता याच मुलांशी मधल्या सुट्टीत बोलून बघा. "मॅडम, काल मम्मीला तीन ऑर्डर होत्या. मी बॉक्स फोल्ड केले." "मॅडम, आमच्या फ्रीजमध्ये आमची भाजी ठेवायला जागाच नसते." ही मुलं ज्या बाईबद्दल बोलतात ती अर्जावरची गृहिणीच, पण ती महिन्याला पंधरा-वीस केक करते आणि विकते.

या बायकांबद्दल आज लिहायचंय. मी स्वतः हौशी आहे. केक विकत नाही, पण क्रीमची फुलं काढायला मला आवडतं आणि त्या हौसेपायी गेली काही वर्षं मी त्यांच्यात जाऊन बसते. तिथं जे पाहिलं ते आपल्या कामाचं आहे, असं मला वाटतं.

आपल्याकडे घरोघरी केकची लाट आली ती 2020 च्या टाळेबंदीत, हे तुम्हालाही आठवत असेल. मार्चच्या शेवटी कंपन्या बंद, बेकऱ्या बंद आणि मुलांचे वाढदिवस तर ठरल्या तारखेलाच येणार. मग कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मीठ पसरायचं, वर वाटी उपडी घालून त्यावर डबा. अंडं घरात चालत नाही, म्हणून दही आणि खायचा सोडा. दह्यातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि त्यानं पीठ फुगतं. आठवीच्या मुलांना हे सांगताना माझा अर्धा तास वाचतो, कारण निम्म्या वर्गानं ते घरी पाहिलेलं असतं. पुढे कंपन्या सुरू झाल्या, पण कंत्राटी कामगारांपैकी सगळेच परत घेतले गेले नाहीत. ज्या घरात असं झालं, तिथं हौसेचा केक हळूहळू किराण्याच्या बिलाला लागला.

तर ही मंडळी भेटतात गुरुवारी. बाहेरच्यांना नवल वाटेल, पण आपल्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी म्हणजे गुरुवार. बऱ्याच कंपन्या त्या दिवशी बंद असतात आणि विजेच्या दुरुस्तीची कामंही त्याच दिवशी निघतात. लाईट नाही म्हणजे ओव्हन नाही, बीटर नाही. नवरा घरी असतो, मुलांकडे बघतो. माझी शाळा सकाळच्या सत्राची, त्यामुळे दुपारी मीही मोकळी. कुणाच्या तरी घरी हॉलमध्ये चटई टाकायची आणि सराव करायचा. क्रीम उन्हाळ्यात पाच मिनिटांत ढासळतं आणि महागही पडतं, म्हणून सरावाला डालडा आणि पिठीसाखर. स्टीलचं ताट उपडं घालायचं, त्यावर फुलं, पानं, वेली काढायच्या, मग सगळं उलथन्यानं खरवडून परत पिशवीत भरायचं. एकाच डालड्याची फुलं महिनाभर निघतात.

यातली एक खानदेशातली, दोघी लातूरकडच्या, एक बिहारची भाभी, एक इथलीच मळेकरी घरातली. वयानं मोठ्या असलेल्या एकीला सगळ्या काकू म्हणतात. काकूंची एक सवय मला फार आवडते. कुणी केक दाखवायला आणला की त्या पुढून बघतच नाहीत. बेस धरून केक फिरवतात आणि मागची बाजू बघतात. "इथं स्क्रेपर उचललास बघ तू. हात थांबवायचा नाही, टेबल फिरत ठेवायचं." 'वा, मस्त!' हे तर घरी नवराही म्हणतो. मागची बाजू बघणारं माणूस मिळायला नशीब लागतं. आपण वह्या तपासताना तरी ती बघतो का, हा विचार तुमचा तुम्ही करा.

आता तुम्ही म्हणाल, यात नवल काय? दिवाळीच्या करंज्या करायला आपल्या आया-आज्या अशाच जमायच्या, आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. नानकटाईचे पत्रे घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांगेत एकत्र उभ्या राहायच्या. खरं आहे. पण करंज्या विकायच्या नव्हत्या. इथं सगळ्या एकाच भागात, एकाच गिऱ्हाइकाकडे डोळे लावून बसलेल्या. एकीची ऑर्डर वाढली तर दुसरीची कमी होणार. तरीही गुरुवारी जिच्या भागात लाईट असते ती निरोप धाडते, "माझा फ्रीज मोकळा आहे, केक घेऊन ये." एकदा दोन मजली केक स्कूटरवरून नेताना पुणे-नाशिक रस्त्यावर एका खड्ड्यात वरचा मजला सरकला. आत आधाराला स्ट्रॉ घातले होते, तरी सरकला. ती तशीच जवळ राहणाऱ्या मैत्रिणीच्या दारात गेली. त्या मैत्रिणीचा स्वतःचा केक टेबलावर अर्धा राहिला होता. तिनं तो बाजूला ठेवला, आपलं क्रीम काढलं आणि वीस मिनिटांत हा उभा करून दिला. पैशाचा विषय निघाला नाही. पुढच्या गुरुवारी अर्धा किलो क्रीमचा डबा मात्र परत आला.

सगळं गोडच चाललेलं असतं, असंही समजू नका. गेल्या वर्षी एक नवी बाई आली. हात चांगला, पण ती एक किलोचा चॉकलेट केक 450 रुपयांना देत होती. बाकीच्यांचा दर 600-650. कुरबुर सुरू झाली. "ही आमचा बाजार मोडणार." "हिला सांगूच नका काही." दोघी-तिघी तर येईनाशा झाल्या. तिच्या नवऱ्याचं कंत्राट संपलं होतं आणि जी येईल ती ऑर्डर धरायची, एवढंच तिला ठाऊक होतं.

काकूंनी तिला वही आणायला सांगितली. मी पाटी-पेन्सिलवाली म्हणून आकडेमोड माझ्याकडे आली. प्रीमिक्स 95, क्रीम 75, चॉकलेट 50, तेल आणि साखरपाणी 15, बॉक्स आणि बेस 40, वीज 15, पेट्रोल 30. बेरीज 320. म्हणजे हातात 130 रुपये. ती खूश होती. मग काकूंनी विचारलं, "वेळ किती जातो?" हा रकाना तिच्या वहीत नव्हताच. आम्ही काढला. भाजण्याची तयारी एक तास, आयसिंग दीड तास, भांडी अर्धा तास, पोचवणं एक तास. चार तास. 130 भागिले 4, तासाला साडेबत्तीस रुपये. खोलीत कुणी काही बोललं नाही. मग भाभी म्हणाली, "इससे तो कंपनी की कँटीन में रोटी बेलना अच्छा." सगळ्या हसल्या, पण लगेच आपापल्या पिशवीतून वह्या निघाल्या. 600 ला विकणाऱ्यांनीही कधी तास लिहिले नव्हते.

माझ्या मते या बायकांनी एकमेकींना दिलेली सगळ्यांत मोठी मदत हीच. फुलं काढायला कुणीही शिकवेल. पण आपल्या तासांना किंमत आहे आणि ती कागदावर लिहायची असते, हे बाईला सहसा कुणी शिकवत नाही, आणि हौस म्हटलं की तर मुळीच नाही. 'तुला आवडतंच ना करायला, मग पैसे कसले?' हे वाक्य आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलंय, हात वर करा. त्या बाईनं दर 600 केला. तीन गिऱ्हाइकं गेली, त्यातलं एक परत आलं. मधल्या महिन्यात दोघींनी आपल्या जादाच्या ऑर्डरी तिच्याकडे वळवल्या, दर मात्र आपलाच सांगून.

एक विषय लिहायला जड जातो, पण इथं राहून टाळता येत नाही. 8 डिसेंबर 2023 ला तळवड्यात एका छोट्या कारखान्याला आग लागली. तिथं वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्या उडणाऱ्या मेणबत्त्या बनत होत्या. सहा जीव त्याच दिवशी गेले, भाजलेल्यांपैकी आणखी काही पुढच्या दिवसांत गेले. बहुतेक सगळ्या कामगार बायकाच होत्या. आमच्यापैकी एकजण तळवड्याच्या जवळच राहते, तिनं तो धूर पाहिला होता. ती मेणबत्ती आपण केकच्या बॉक्समध्ये सहज टाकून देतो, मुलं टाळ्या वाजवतात, अर्ध्या मिनिटात विझते. ती आपल्याच शेजारच्या बायका हातानं भरतात, हे तोवर आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यानंतर या मंडळींपैकी बऱ्याचजणींनी ती देणं बंद केलं. गिऱ्हाईक मागतं, तेव्हा साधी मेणबत्ती देतात. काहीजणी कारण सांगतात, काहींना ते सांगवत नाही.

सुरक्षिततेच्या आणखी काही गोष्टी पालक म्हणून आपल्याला माहीत असाव्यात, त्या याच बायकांकडून मला कळल्या. केकवर चमचम करणारी सोनेरी पूड येते. डबीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ खाण्यायोग्य असा होत नाही, 'एडिबल' असा शब्द आहे का ते बघायचं. खरी फुलं लावायची फॅशन आहे. तळेगाव-मावळात गुलाबाची पॉलिहाऊस आहेत, त्यामुळे गुलाब स्वस्त मिळतो. पण तो खाण्यासाठी पिकवलेला नसतो, त्यावर औषधं फवारलेली असतात. म्हणून देठ फॉइलमध्ये गुंडाळायचा आणि पाकळ्या केकला कमीत कमी टेकवायच्या. कण्हेरीचं फूल दिसायला गोड, पण झाड विषारी, ते अजिबात लावायचं नाही. आणि घरून विकणाऱ्या बाईलाही अन्न सुरक्षा विभागाकडे नोंदणी करावी लागते. मूळ नोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. काकूंनी इंग्रजी अर्जाच्या धास्तीनं तो दोन वर्षं भरला नव्हता. तो त्यांच्या दहावीतल्या नातीनं भरून दिला.

या कलेला वरचं टोक आहे का, असं मुलं विचारतात तेव्हा मी त्यांना पुण्याच्याच प्राची धबल देब यांची कामं दाखवते. त्यांनी ब्रिटनमध्ये एडी स्पेन्स यांच्याकडे रॉयल आयसिंग शिकून घेतलं. हे आयसिंग मुळात अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं. आपल्याकडे अंडं न खाणारी गिऱ्हाइकं जास्त, म्हणून त्यांनी अंड्याशिवायच्या आयसिंगवर काम केलं आणि 2022 मध्ये त्यातून मिलानच्या कॅथेड्रलची शंभर किलोची प्रतिकृती उभी केली, सहा फुटांहून लांब. मोबाईलवर फोटो मोठा करून बघा, खिडकीची जाळी सुईच्या टोकाएवढी बारीक आहे. आमच्या मंडळींनी तो फोटो पाहिला तेव्हा काकूंचा पहिला प्रश्न होता, "पावसाळ्यात कसं टिकवत असेल हे?" बरोबरच आहे. साखर हवेतलं पाणी ओढते. जुलैत आपल्याकडे फोंडंटची बाहुली दुपारपर्यंत घामाघूम होते.

आता शाळांविषयी थोडं. स्नेहसंमेलन आलं, शिक्षक दिन आला, कुणी निवृत्त झालं की केक लागतोच. आणि सांगितलं जातं वर्गातल्याच एखाद्या आईला. चांगलंच आहे, तिला काम मिळतं. पण त्यापुढे "शाळेचं काम आहे, जरा कमी करा" असं येतं, आणि मूल आपल्या शाळेत शिकत असताना ती आई नाही म्हणू शकत नाही. आमच्या मंडळींत हा विषय निघाला की दोघी-तिघी माझ्याकडे बघून गालात हसतात. मी आता आमच्या कार्यालयात एवढंच सांगून ठेवलंय की आधी भाव विचारायचा, जमत असेल तर ऑर्डर द्यायची, नाहीतर अर्ध्या किलोत काम भागवायचं. फोटोला अर्धा किलोही पुरतो.

वर्गात घ्यायला यातून एक छान गणित निघतं, ते देते. केकचा डबा सहा इंचांऐवजी आठ इंचांचा घेतला तर सामान किती वाढवायचं? मुलं पटकन म्हणतात, दोन इंच वाढले म्हणजे तिसरा हिस्सा. मग वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायला लावायचं. त्रिज्या 3 आणि 4, त्यांचे वर्ग 9 आणि 16. उंची तीच ठेवली तर 16 भागिले 9, म्हणजे 1.78. काकूंची शाळा सातवीपर्यंत झालेली. त्यांना पाय आर वर्ग ठाऊक नाही, पण त्यांचं तोंडपाठ आहे, "सहाला एक माप, आठला पावणेदोन, दहाला पावणेतीन." मुलांनी दहा इंचांचं काढलं, 25 भागिले 9, 2.78. काकूंचं माप बरोबर! वर्गात टाळ्या पडल्या. मग कडेच्या क्रीमचं काढलं. ते परिघाबरोबर वाढतं, म्हणून आठ इंचाला फक्त 1.33 पट. हे काकूंनाही नवीन होतं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

बारा इंचाला किती, असं मी विचारलं. 36 भागिले 9, चारपट, उत्तर लगेच आलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. तिची आई ऑर्डर घेते. "मॅडम, चारपट येतं बरोबर. पण बारा इंची बॉक्स आमच्या फ्रीजमध्ये जात नाही. आम्ही शेजारच्या काकूंचा फ्रीज विचारून मगच हो म्हणतो."