दोन दांड्यांचा रणगाडा

जबलपुरात रणगाडा तयार होत नाही, हे मला बरंच उशिरा कळलं. १९०४ची गन कॅरिज फॅक्टरी तोफांची, १९६९ची व्हेइकल फॅक्टरी लष्करी ट्रकांची, खमरियाला दारूगोळा. रणगाडे होतात ते चेन्नईजवळ आवडीला. पण ‘तुझे बाबा टँक बनवतात ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारं एकही पोर आमच्या फॅक्टरी इस्टेटीत नव्हतं.

आमचा रणगाडा टीव्हीत होता. नव्वदच्या दशकात कॅसेटवाले व्हिडिओ गेम घरोघरी आले, त्यात नामकोचा १९८५चा ‘बॅटल सिटी’ असायचाच. आम्ही त्याला ‘टँकवाला’ म्हणायचो. खाली विटांआड गरुड आणि वरून शत्रू. डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं बटण. डावीकडे दाबलं की रणगाडा क्षणात डावीकडे तोंड करून पळू लागे. बटण ऐकेनासं झालं की बाबा रिमोट खोलत आणि आतलं काळं रबर स्पिरिटच्या बोळ्याने पुसत. ते गन कॅरिज फॅक्टरीत होते. एकदा पुसता पुसता म्हणाले, “रणगाडा असा वळत नसतो रे. त्याला दोन दांडे असतात. एक पट्टा अडवायचा, दुसरा चालू ठेवायचा.”

गेमवाल्यांना हे आधीच ठाऊक होतं. अटारीच्याच ‘की गेम्स’ कंपनीने १९७४ साली ‘टँक’ काढला, त्यात प्रत्येक खेळाडूपुढे दोन दांड्या होत्या. १९८०च्या ‘बॅटलझोन’लाही दोनच, त्याची एक आवृत्ती अमेरिकन लष्कराने ब्रॅडली गाडीच्या तोफचींच्या सरावासाठी करून घेतली. घरगुती गेममध्ये मात्र दांड्या गेल्या, बटण आलं. १९९७ साली सोनीने प्लेस्टेशनच्या रिमोटवर दोन छोट्या दांड्या बसवल्या. लोकांनी त्यावर फुटबॉल खेळला. मला बाबांचे दांडे आठवले.

भाच्याच्या रिमोटवाल्या टँकचं सर्किट जळलं, तेव्हा तो माझ्या वाट्याला आला. मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समधून अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), मोटर ड्रायव्हर आणि प्लेस्टेशन-२च्या धाटणीचा बिनतारी रिमोट आणला. दांडीखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या. उभ्याचा आकडा ० ते २५५, मध्ये १२८च्या आसपास. डावी दांडी डाव्या पट्ट्याला, उजवी उजव्याला, की झालं. पण दांडी पुढे सारली की आकडा ०कडे उतरतो, त्यामुळे प्रोग्रॅममध्ये उलटवला नाही तर टँक मागे पळतो. शिवाय सोडलेली दांडी नेमकी १२८वर येईलच असं नाही. मधले थोडे आकडे ‘शून्य’ समजायला सांगावे लागतात, नाहीतर रिमोट टेबलावर असताना टँक आपला गुपचूप सरकतो.

जाणकार शौकीन मॉडेल विमानाच्या ट्रान्समीटरची शिफारस करतात. मला ती पटत नाही. त्याची थ्रॉटलची दांडी जिथे सोडाल तिथे राहते. विमानाला ते हवंच, टँकला नको. गेमच्या रिमोटवरचे अंगठे उचलले की दोन्ही दांड्या मध्ये येतात आणि टँक थांबतो. पलंगाच्या पायाशी येऊन थांबणाऱ्या टँकची किंमत घरच्यांना विचारा.

एक दांडी पुढे, दुसरी मागे केली की हा टँक जागच्या जागी गरगर फिरतो. खऱ्या टी-७२ला ते जमत नाही. एक पट्टा थांबवून तो त्याच्याभोवती वळतो. खेळण्याने खऱ्यावर केलेली ही कुरघोडी मला अजून आवडते.

आता खरी लष्करंही गेमच्या रिमोटच्या वाटेने निघालीत. अमेरिकेच्या व्हर्जिनिया वर्गातल्या पाणबुड्यांवर बाहेरचं दृश्य दाखवणारा मास्ट एक्सबॉक्सच्या रिमोटने फिरवतात, कारण नव्या भरतीच्या पोरांना तो शिकवावा लागत नाही. इस्रायलने २०१९ला दाखवलेल्या ‘कार्मेल’ चिलखती गाडीच्या एका नमुन्यातही तोच रिमोट होता. लष्करी अधिकाऱ्यांना यात कमीपणा वाटला नाही, हे मला शहाणपणाचं वाटतं.

तुमच्या माळ्यावर पोरांचा जुना रिमोट असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी दोन्ही दांड्या हलवून बघा. सोडल्यावर मध्ये परत येत असतील, तर तो अजून कामाचा आहे.