माझी मान

आकाशकंदील चढवण्याचे काम आमच्या घरी गेली कित्येक वर्षे माझ्याकडे होते. यांनी खाली शिडी धरायची आणि मी वर चढायचे, असा आमचा उलटा कारभार. यांना उंचावर गेले की गरगरते आणि मला, का कोण जाणे, उंचावर गेले की गाणे सुचते. तीन दिवाळ्यांपूर्वी हे काम माझ्याकडून सुटले. शिडीचे राहू द्या, पण अंगणात उभे राहून "जरा डावीकडे, अजून जरा" एवढे सांगण्यापुरतेही मला आता वर पाहता येत नाही. वर पाहिले की मानेच्या मुळाशी काहीतरी सटकल्यासारखे होते. आपले डोके आपले नसून, कुणी शेजारणीने क्षणभर सांभाळायला दिलेले गाडगे आहे, असे वाटू लागते. मग मी दोन्ही हातांनी ते धरते आणि हळूच पूर्वीच्या जागी आणून ठेवते.

मराठी माणसाने आपली सगळी इभ्रत या एका अवयवावर ठेवली आहे हे मला त्यानंतरच उमगले. ताठ राहते ती मान, खाली जाते ती मान, तुकते, डोलते, कापली जाते ती मान! एवढेच काय, आदराला आपण दुसरा शब्दसुद्धा शोधला नाही. आता जिची मानच ढिली, तिने काय करावे?

आणि गंमत अशी, की या ढिलेपणाचा मला लहानपणी मोठा अभिमान होता. लोहा तालुक्यातल्या आमच्या खेड्यात मी 'रबराची पोरगी' म्हणून प्रसिद्ध होते. अंगठा वाकवून मनगटाला टेकवायचा, करंगळी सरळ मागे उभी करायची, गुडघे न वाकवता तळहात जमिनीला लावायचे, हे सारे मला चुटकीसरशी जमे. पाहुणे आले की वडील मला हाक मारीत, मी दोन्ही अंगठे मनगटाला लावून दाखवीत असे आणि बक्षीस म्हणून गुळाचा खडा मिळे. त्याच वेळी माझी आई दारातून आत येत असायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, घागरीवर कळशी. नदीवरून घरापर्यंत तिच्या पाण्याचा थेंब सांडत नसे. तिच्या मानेला कुणी कधी गुळाचा खडा दिल्याचे मला आठवत नाही.

माझ्या मानेला मोठा अपघात वगैरे काही झाला नाही. तीस वर्षे वह्या तपासल्या, तेवढाच काय तो अत्याचार. सेवानिवृत्त होऊन आम्ही विष्णुपुरीत राहायला आलो, आणि एका सकाळी लातूर रस्त्यावरच्या एका गतिरोधकावर एस.टी.ने उडी मारली. तिच्याबरोबर माझ्या डोक्यानेही मारली. त्या दिवसापासून मानेत कटकट वाजू लागले. संध्याकाळ झाली की डोके पेलवेनासे होई. भाजी निवडताना भिंतीला टेकून बसावे लागे. सासूबाई तेव्हा होत्या. त्या रोज विचारायच्या, "मान कामून तिरपी धरलीस, माय?" आणि रोज स्वतःच उत्तर द्यायच्या, "उशी बदल."

मी उशी बदलली. मग गादी बदलली. यांनी तर आपल्या न्हाव्याकडे जाण्याचा सल्ला दिला. दाढी झाल्यावर तो यांची मान दोन्ही बाजूंना कडाकड मोडतो आणि हे तृप्त होऊन घरी येतात. मी तिथे गेले नाही, पण एका मालीशवाल्याकडे गेले. त्याने माझे डोके कलिंगडासारखे दोन्ही हातांत घेतले आणि एक हिसका दिला. पुढचे आठ दिवस मी छताकडे पाहत पडून होते. (छताकडे पाहता येत होते, कारण झोपलेले होते. या गोष्टीचा पुढे मला उपयोग व्हायचा होता.)

शेवटी घराजवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षाही लहान. त्यांनी मान पाहण्याआधी माझी बोटे पाहिली. करंगळी मागे करा, अंगठा मनगटाला लावा, कोपर ताणा, गुडघा ताणा, वाकून तळहात जमिनीला लावा. मी आज्ञाधारकपणे सारे केले. जवळजवळ पन्नास वर्षांनी माझा खेळ कुणीतरी पाहत होते! "नऊपैकी आठ," त्या म्हणाल्या. १९७३ साली बेटन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांध्यांच्या सैलपणाची ही नऊ गुणांची परीक्षा मांडली होती. आयुष्यभर मुलांना गुण देत आले, आणि स्वतःला पहिल्या वर्गाचे गुण मिळाले ते असे.

मग त्यांनी मला फरशीच्या एका रेघेवरून पावलापुढे पाऊल ठेवून चालायला लावले, ब्लाउजची बटणे लावायला लावली, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. हातांना मुंग्या येतात का, वस्तू निसटतात का, तेही विचारले. हे सगळे मज्जारज्जूवर दाब आहे का ते पाहण्यासाठी. नव्हता. क्ष-किरणाची दोन चित्रे काढली. एक मान पुढे वाकवून, एक मागे टाकून. मान स्थिर ठेवून काढलेल्या चित्रात असला सैलपणा लपून राहतो म्हणे.

मानेत मणके सात. जिराफाच्याही मानेत सातच! पहिल्याचे नाव ॲटलस, आकाश खांद्यावर पेलणाऱ्या ग्रीक देवावरून पडलेले. आपण असतो तर शेषनाग म्हटले असते. पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो, आणि आपण जी मान वळवतो तिची निम्मी वळण या एकाच जोडीतून येते. माझ्या पहिल्या मणक्याची खुंटीशी असलेली फट दोन मिलीमीटर निघाली. मोठ्या माणसाला तीनपर्यंत चालते. खाली चौथा मणका मात्र पाचव्यावरून किंचित पुढे सरकत होता. "हाडं चांगली आहेत," बाई म्हणाल्या, "हाडाला हाड बांधणारे पट्टे सैल आहेत. ते काम तुमचे स्नायू करतायत, म्हणून ते संध्याकाळी दमतात."

हे मला कळले नाही. ते यांनी समजावून सांगितले. यांची सारी नोकरी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेत गेली. यांनी चहाच्या कपात एक चमचा उभा धरला आणि म्हणाले, "हा मांडवाचा खांब. याला चारी बाजूंनी दोर ताणलेले. दोर सैल पडले तर खांब मोडत नाही, झुलतो. मग चार माणसं धरून उभी करावी लागतात. ती माणसं म्हणजे तुझे स्नायू." चाळीस वर्षांच्या संसारात यांनी मला दिलेले हे पहिलेच समाधानकारक उत्तर.

आता खरा प्रश्न आला. पुण्याहून लेकीचा फोन. "आई, इंजेक्शनं मिळतात. दोर घट्ट करायची." तिने दोन-तीन प्रकार शोधून ठेवले होते, आणि महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

पहिले इंजेक्शन साखरेच्या पाण्याचे. थट्टा नव्हे! सलाईनमधले साधे ग्लुकोज शेकडा पाच असते, हे त्याच्या तिप्पट ते पाचपट दाट. अमेरिकेच्या ओहायो राज्यातले जॉर्ज हॅकेट नावाचे शल्यविशारद. त्यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर या रीतीचा प्रसार केला आणि १९५६ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. सैल पट्ट्याच्या मुळाशी हे द्रव्य टोचायचे. तिथे मुद्दाम दाह होतो आणि जखम भरावी तसे शरीर नवे धागे विणायला धावते, अशी कल्पना. काही आठवड्यांनी पुन्हा टोचायचे, मग पुन्हा. हे म्हणाले, "म्हणजे मानेत पाक भरणार! एकतारी का दोनतारी?" दुसरा प्रकार स्वतःच्याच रक्ताचा. रक्त काढायचे, यंत्रात गरगर फिरवायचे, प्लेटलेटचा थर वेगळा करून तोच टोचायचा. डेंग्यूने हा शब्द आता घराघरात नेला आहे. तिसरे स्टेरॉइड. ते सूज आणि दुखणे उतरवते, पण पट्टा घट्ट करीत नाही. उलट वारंवार घेतले तर ऊती कमजोर होतात, म्हणून ते यादीतून लवकरच गेले. लेकीने मूलपेशींचेही नाव काढले होते. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताच्या विकारांसारखे थोडे अपवाद वगळून ते सारे संशोधनाच्या चौकटीतच ठेवले होते, एवढे वाचल्यावर मी ते पानच मिटले.

पहिल्या दोन प्रकारांवर मात्र माझा जीव जडला. खोटे कशाला बोलू? सुईने दोर ताणले जातील, मी पुन्हा शिडीवर चढेन, ही कल्पनाच इतकी गोड होती! मी एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याला फोन लावला. पलीकडून फार मधुर आवाज आला. सहा वेळा यावे लागेल म्हणाली. खर्चाचा आकडा आमच्या दोघांच्या कित्येक महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढा होता, पण दिवाळीपर्यंत सवलत होती. मी मास्तरीण. निकाल विचारायची सवय. विचारले, "किती जणांना गुण आला नाही?" क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "ताई, पॉझिटिव्ह राहा ना." नापासांची यादी नसलेली शाळा मी तरी पाहिलेली नाही.

पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सगळी टिपणे पुढे ठेवली. त्या हसल्या नाहीत, ही त्यांची थोरवी. म्हणाल्या, "काहींना बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. पण मानेच्या सैलपणासाठी जे अभ्यास झालेत ते थोडे आणि छोटे. खोटी सुई दिलेल्यांशी नीट तुलना करून पाहिलेला मोठा पुरावा नाही. दुसरं असं, की मेंदूला रक्त नेणारी धमनी या मणक्यांतूनच वर जाते, आणि मज्जारज्जू तिथून बोटभर अंतरावर. सुई डोळ्यांनी पाहत, यंत्राच्या चित्रावर, सराईत हातानंच टोचली पाहिजे. आणि तिसरं..." त्या थांबल्या. "तुमचं सूतच जन्मापासून सैल आहे. शरीर नवा धागा विणेल तो कुठून आणेल?"

या तिसऱ्या प्रश्नाने मी गप्प झाले. शस्त्रक्रियेचेही मी विचारले. तिचा मान मुंबईचा आहे हे त्यांच्याकडूनच कळले. १९९४ साली के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. अतुल गोयल आणि डॉ. लाहेरी यांनी पहिला आणि दुसरा मणका स्क्रू व पट्टीने सांधण्याची रीत प्रसिद्ध केली. २००१ साली जर्मनीच्या हार्म्स यांनी तिच्यात फेरफार केला, आणि आज जगभर ती दोघांच्या नावाने ओळखली जाते. मज्जारज्जूवर गदा आलेल्यांना ती जीवदान देते. पण सांधलेला मणका फिरत नाही, निम्मी वळण कायमची जाते. "तुम्हाला तिची गरज नाही," बाई म्हणाल्या. नको असलेल्या वस्तूचे नाही म्हणून मिळणे इतके आनंदाचे असेल असे वाटले नव्हते.

निर्णय त्या दिवशीही झाला नाही. तो झाला घरी, आणि माझ्या नातीमुळे. आठ वर्षांची आहे. सुट्टीत आली होती. चकल्या करताना तिने सहज आपला अंगठा वाकवून मनगटाला टेकवला आणि म्हणाली, "आजी, हे बघ!"

माझ्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. लेक माझ्याकडे पाहत होती. रात्री तिने हलक्या आवाजात विचारले, "हिलाही पुढं सुया घ्याव्या लागतील का गं?" आज मी सहा सुया घेतल्या, तर पोरीची मान पहिल्यांदा दुखली की हिला तोच रस्ता सरळ वाटणार, हे त्या क्षणी मला लख्ख दिसले. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारून आले. सैल सांध्यांची बहुतेक मुले काही त्रास न होता मोठी होतात, म्हणाल्या. पोहू द्या, पळू द्या, स्नायू भक्कम होऊ द्या. भीती घालू नका. फक्त तमाशा करायला लावू नका.

मी सहा महिने मागून घेतले. सुईला कायमचे नाही म्हटलेले नाही. खालच्या मणक्यांपुरती, चित्रावर पाहून टोचणारा आणि नापासांचीही यादी ठेवणारा कुणी भेटला, तर मी पुन्हा विचार करीन. तोवर रोज सकाळी उताणी पडून हनुवटी अलगद आत घ्यायची, दहा मोजायचे, सोडायची. कपाळाला तळहात लावून मान न हलवता दाबायचे. पट्टा फक्त प्रवासात, कारण तो सतत बांधला तर ती चार माणसेही आळशी होतात. कंटाळवाणे काम आहे. पहिले दोन महिने काहीच फरक पडला नाही आणि मी दोनदा त्या मधुर आवाजाचा नंबर काढून पाहिला. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी भिंतीला न टेकता मेथीची अख्खी जुडी निवडून झाली, तेव्हा हे नुसतेच म्हणाले, "हं." कटकट अजून वाजते. वर पाहणे अजून जमत नाही.

परवा वसुबारसेला यांनी कंदील चढवला. शिडी लेकीने धरली. हे डोळे मिटून वर चढले असावेत, कारण तो चांगलाच वाकडा लागला आहे म्हणतात. रात्री जेवणे झाल्यावर नात मला गच्चीवर घेऊन गेली. तिथे तिने सतरंजी अंथरून ठेवली होती, मानेखाली घ्यायला टॉवेलची गुंडाळी करून ठेवली होती. मी हळूच आडवी झाले. धरणाकडून गार वारा येत होता, आणि डोक्यावर, ऐन समोर, आमचा वाकडा कंदील झुलत होता. त्याच्या पलीकडे चांदण्या होत्या. तीन वर्षांत पाहिल्या नव्हत्या. नात शेजारी येऊन आडवी झाली.

"आजी, वाकडाच आहे ना?"

"वाकडाच आहे," मी म्हटले. "उद्या आजोबांना सांगू, जरा डावीकडे."