जखम सांधणारा डिंक

जखम सांधणें ही कला आपल्या देशांत जुनीच आहे. सुश्रुतानें शिवणीचे वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी व ऋजुग्रंथी असे प्रकार सांगितले आहेत. छिद्र पडलेल्या आंतड्याच्या कडा जुळवून त्यांस काळ्या मुंग्यांकडून दंश करवावा व त्यांचीं मस्तकें तशींच राहूं द्यावीं, असेंही त्यानें लिहून ठेविलें आहे. तेव्हां सुईवांचून जखम जोडण्याची कल्पना अगदींच नवी नव्हे. नवा आहे तो डिंक.

या डिंकास सायनोॲक्रिलेट म्हणतात. १९४२ सालीं हॅरी कूव्हर या अमेरिकन रसायनज्ञाच्या हातीं हें द्रव्य प्रथम लागलें. पुढें व्हिएतनामच्या युद्धांत रक्तस्राव थांबविण्यास त्याचा फवारा वापरला गेला आणि १९९८ सालीं त्याच्या एका प्रकारास कातडीसाठीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. टांके काढण्याची यातायात नाहीं, जखमेवर पातळ पापुद्रा धरतो आणि तो कालांतरानें आपोआप गळून पडतो, हे त्याचे गुण निःसंशय मोठे आहेत.

गेल्या वर्षीं आमच्या कुटुंबाचा उजवा गुडघा बदलला, तेव्हां वरची कातडी अशीच चिकटविली होती. वसमतास परत आल्यावर दहाव्या दिवशीं जखमेभोंवतीं विलक्षण कंड सुटला, लाली पसरली व बारीक फोड आले. आमचें गांव हळदीच्या पेठेचें, वहिनी लागलीच म्हणाल्या, "भाऊजी, चिमूटभर हळद लावली तर काय बिघडतें?" चिरंजीव उरलेल्या जंतुनाशक गोळ्या शोधूं लागले. आम्हीं दोन्हींस मनाई केली व त्याच दिवशीं शल्यवैद्यांकडे नेलें.

त्यांनीं तपासून सांगितलें, की हा जंतूंचा उपद्रव नसून डिंकाची ॲलर्जी आहे. ती बहुधा कांहीं दिवसांनीं, क्वचित् दोन-तीन आठवड्यांनींही उमटते. डिंक लागला होता तेवढ्याच जागेंत मुख्यतः दिसते आणि तींत वेदनेपेक्षां कंड अधिक असतो. उलट ताप, वाढता ठणका, पू किंवा न थांबणारा स्राव असेल, तर जंतूंचा संशय धरावा. मात्र हा भेद घरीं बसून ठरवूं नये. कारण जंतु कृत्रिम सांध्यापर्यंत पोहोंचले, तर पुनः शस्त्रक्रियेचा प्रसंग येतो, आणि खाजवून फुटलेली कातडी जंतूंस वाट करून देते. वैद्यांनीं डिंकाचा पापुद्रा काढविला, लावण्यास स्टेरॉइडचें मलम दिलें व पंधरवड्यांत कातडी निवळली.

खरा पेंच पुढेंच होता. डावा गुडघाही तितकाच झिजलेला, पण कुटुंबानें निक्षून सांगितलें, "पांगळी राहीन, पण पुनः तें नको." औंढ्याच्या नागनाथाच्या दर्शनास स्वतःच्या पायांनीं जाण्याची आस असलेल्या माणसानें असें म्हणावें, याचें आम्हांस फार वाईट वाटलें. वैद्यांनीं तिला समजाविलें, की भय सांध्याचें नसून डिंकाचें आहे. एकदां ॲलर्जी जडली म्हणजे दुसऱ्या वेळीं ती लवकर व जोरानें उठते, म्हणून या वेळीं साधे टांकेच घालूं. तेव्हां कोठें तिनें मान डोलाविली.

आमच्या वाचकांस एवढेंच सुचवावेसें वाटतें : घरांतील कोणाची शस्त्रक्रिया व्हावयाची असेल, तर पूर्वीं चिकटपट्टीनें, डिंकानें अथवा कृत्रिम नखांनीं कातडी उठली होती काय, हें आधीं विचारावें आणि वैद्यांस स्पष्ट सांगावें. आमच्या कुटुंबाच्या कागदांवर त्या डिंकाचें नांव आतां ठळक अक्षरांत लिहिलेलें आहे.